डोहातली मोटार

२ एप्रिल २०२४

सिताबाई गाडल्या गेल्या होत्या!

खालच्या वस्तीनं ओढ्याच्या वाळूत झिरा खणलाय, पाण्यासाठी. पुरुषभर खोल गेलाय आता. तळातलं पाणी वाटीनं भरायला त्या उतरल्या अन् कड ढासळली. छातीपर्यंत वाळू! मी अन् त्यांचे दीर धुळाप्पा, दोघं हातानंच उकरत होतो. "राजेश्वरी, हात सोडू नको गं!" — सिताबाईंचं मला सारखं तेच.

निघाल्या. वाचल्या. माझी नखं फुटलीत, अक्षर नीट येईना.

३ एप्रिल

धुळाप्पा म्हणाले, "डोहात मोटार बसली अन् झिरा खालीच चाललाय बघा." माझ्याकडं न बघता म्हणाले.

ओढ्यातला डोह झिऱ्याच्या वरच्या अंगाला. मोटार आमची. उसासाठी.

४ एप्रिल

ह्यांना सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं — अन् चहा विचारला.

६ एप्रिल

हे मुरुमच्या बाजारला गेले. मी डोहावर जाऊन मोटार बंद केली. पाइप गप्प झाला अन् माझीच छाती धडधडायला लागली. अकरा वर्षांत ह्यांना न विचारता काही केलं न्हाय.

दुपारी आले ते सरळ उसात. परत आले तर चेहरा काळाठिक्कर.

"कुणी बंद केली?"

"म्या."

"ऊस वाळंल की गं!"

"अन् सिताबाई मेल्या असत्या म्हंजे?"

न जेवताच झोपले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ह्या गप्प बसण्याचं लई भ्या वाटतं.

७ एप्रिल

मोटार बंदच. ह्यांनी परत का लावली न्हाय, विचारायची हिंमत होईना.

११ एप्रिल

झिऱ्यात हातभर पाणी! डोहातलं झिरपून येतंय. सिताबाई काठावर बसूनच घागर भरत होत्या. खाली उतरायची गरज न्हाय.

जेवताना हे ताटाकडं बघत बोलले, "अर्धा ऊस सोडून देऊ. उरलेल्याला ठिबक. आपल्या विहिरीत असंल तेवढ्या पाण्यावर."

मी त्यांना अजून एक भाकरी वाढली.

१५ एप्रिल

झिरा कोरडा. डोहपण आटला. आमची मोटार बंद असून!

ओढ्याच्या वरच्या वळणावर शंभुलिंगअण्णांनी दोन मोटारी टाकल्यात. त्यांच्यापुढं गावात कुणाची बोलायची छाती न्हाय. ह्यांनी तर कधी मान वर करून बघितलं न्हाय त्यांच्याकडं.

आता हे दारात उभे आहेत. चपला घातल्यात. म्हणतात, "चल. दोघं जाऊ."

निघते.