दगडातली हवा

चि. धाकटीस, थोरल्याचा आशीर्वाद.

कोरडा दगड बादलीत सोडून तू कान लावायचीस, तो बुडबुड आवाज सकाळपासून माझ्या कानात आहे. इथे माझं बरं चाललंय. लेक गोळ्या चुकवू देत नाही, नात माझ्याकडून शाळेतल्या कविता म्हणवून घेते. तुझे गुडघे कसे आहेत?

काल नातीच्या पुस्तकात वाचलं. वाळू म्हणजे बहुतेक गारगोटीचा चुरा, आणि गारगोटीचं निम्म्याहून जास्त वजन प्राणवायूचं. साध्या दगडातही तो जवळजवळ निम्मा. तुझे बुडबुडे भेगांतल्या हवेचे होते, हा प्राणवायू दगडातच घट्ट बांधलेला. पण तू कुठं फार चुकली होतीस?

चौथीच्या पेपरात तू लिहिलंस, "दगडात हवा असते." तुझा मास्तर मीच. "आमच्या बाईसाहेबांचे दगड श्वास घेतात," म्हणून मी वर्गाला हसवलं. दुसऱ्या दिवशी तू शाळा सोडलीस, आणि मी एका शब्दानंही थांबवलं नाही.

इथवर लिहिलं तोच बेल वाजली म्हणून उठलो, तर दारात तूच, तुझ्या लेकाचा हात धरून. आता समोर बसून विचारतेस, "कुणाला एवढं लिहितोस, दादा?" तोंडानं माफी मागायला जीभ रेटत नाही, म्हणून ही ओळ संपवून कागद तुझ्याच हातात देतो.

तुझा चुकलेला मास्तर,
दादा