थाकसरांना मध्येच थांबवायचं नाही

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून युनजूच्या आईची हजेरी मी लावणार. ऑनलाइन विद्यापीठात ती इतिहासात बी.ए. करते. पहिल्या वर्षाचं दुसरं सत्र आज सुरू झालं. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की हजेरी लागते. समोर कोण बसलंय ते कोणी बघत नाही. महिनाअखेर ती हॉस्पिटलमधून घरी येईल. तोवर नाव कमी व्हायला नको, एवढंच.
डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, उजवी बाजू आणि बोलणं परत येईलच असं नाही. डॉक्टर फारच तरुण आहे.
तासाची वेळ सकाळी दहा ठरवली. टाय इस्त्री केला.

३ सप्टेंबर
पहिला तास. प्राध्यापक थाक. वय चाळिशीच्या आत असेल, पण सर ते सर. कमरेत वाकून नमस्कार केला. गुडघ्यांवर बसलो होतो, मग उठता येईना. उद्यापासून खुर्ची.
अडचण एकच. मध्ये लघवीला जावं लागलं. युनजूने, आमच्या मुलीने, फोनवर सांगितलं, “बाबा, स्क्रीनवर बोट लावा, थांबतं ते.” म्हणजे शिकवणाऱ्या माणसाला बोलता बोलता गप्प करायचं? आमच्या शाळेत असं केलं असतं तर पोटऱ्यांवर वळ उठले असते. मी सहावीपर्यंतच गेलो, पण तेवढी शिस्त आहे. “सर, आलोच” म्हणालो आणि संडासाचं दार उघडं ठेवलं. थोडंफार ऐकू आलं.
तसंही टॅबला माझं बोट कळत नाही. बर्फाच्या कारखान्यात उभी हयात गेली, बोटांची टोकं बधिर आहेत. सुरू करायलाच पाच-सहा वेळा दाबावं लागतं.

९ सप्टेंबर
इतिहास सोपा आहे. उगाच बाऊ करतात. एक राजा येतो, राजवट सुरू होते.
तास अर्धा झाला की डोळा लागतो. पण टायसकट झोपतो, आणि ताठ. जागा होतो तेव्हा सर निरोप घेत असतात, मीही वाकतो.
युनजूचा फोन. “आईला भेटायला कधी जाताय?” मी म्हणालो, भेटीची वेळ दहा ते बारा, नेमका माझा तास. ती म्हणाली, “बाबा, तो व्हिडिओ आहे. दुपारी बघा. दहा वाजता बघा असं कोणी सांगितलंय?” मी म्हणालो, वेळ ठरलेली आहे. ती म्हणाली, “कोणी ठरवलीय?” मी फोन ठेवला. हल्लीच्या मुलांना शिस्त नाही.

१७ सप्टेंबर, चुसक
सणाची सुट्टी. तरीही तास केला. युनजू पितरांचं जेवण मांडून, चंद्रकोरीसारखे तीळ भरलेले तांदळाचे लाडू डब्यात भरून हॉस्पिटलला निघाली. दारात उभी राहून म्हणाली, “आज तरी?” मी टॅबकडे बोट दाखवलं. सर बोलत होते. ती म्हणाली, “सरसुद्धा आज आईकडे गेले असतील.” हा टोमणा होता.
सणाचं म्हणून थोडी तांदळाची दारू घेतली. मोठ्यांसमोर पितात तशी, सरांसमोर मान वळवून घेतली.
मला न विचारता माझ्या वाटणीचे लाडू ताटात ठेवून गेली. चव लागली नाही. तीळ जुने असणार.

३० सप्टेंबर
युनजूची आई आली नाही. हॉस्पिटलवाले दिरंगाई करतात. परसातलं पर्सिमन पिकेपर्यंत येईल. केशरी फळं सोलून, दोऱ्याला लावून वाळवायची तिची खोड आहे, दुसऱ्याला जमत नाही.
संकल्प:
आलेल्या दिवसापासून तिला रोज संध्याकाळी मी शिकवायचं, तिचा सगळा अभ्यास भरून निघेल.
वही सुरू केली. आधी तीन जुनी राज्यं. गोगुर्यो स्थापन झालं. बेक्जे स्थापन झालं. सिल्ला स्थापन झालं.

८ ऑक्टोबर
विद्यापीठाच्या पानावर चर्चेचा भाग असतो. तिथे लिहिलं तर चार गुण. युनजूच्या आईच्या नावाने मी सीमेवरच्या थंडीबद्दल लिहिलं: ‘मी सैन्यात होतो तेव्हा उणे वीसमध्ये पहारा दिला आहे, भाताचा डबा बंदुकीच्या दस्त्याने फोडून खाल्ला आहे.’ अनुभवाचा इतिहास. पुस्तकात मिळणार नाही.
तासाभरात ग्वाकबाईंचा फोन. या तिच्या अभ्यासगटाच्या पुढारी. तिला ताई म्हणतात, मला भाऊजी. म्हणाल्या, “भाऊजी, आमची मालसूनताई सैन्यात कधी होती हो? आम्हाला बोलली नाही कधी. आणि मिशी कधी काढली?” मागे चार बायका हसत होत्या.
मी म्हणालो, टायपिंगची चूक.
त्या म्हणाल्या, “बरं. हजेरी लावताय ती लावा. आम्ही दर बुधवारी ताईकडे जातो. खिडकीपाशी खाट आहे. खाटेजवळची खुर्ची रिकामीच असते.”
मी म्हणालो, बुधवारी तास असतो.
“बुधवारीच?” म्हणाल्या.

२४ ऑक्टोबर
चाचणी झाली. एकच प्रश्न घोळाचा. गोर्यो राजवट कोसळण्याची चार कारणे लिहा.
वही चाळली. गोर्यो स्थापन झाल्याचं आहे. राजधानी आहे. हिरवट भांडी आहेत. कोसळल्याचं कुठेच नाही. मग मनातलं लिहिलं: ‘कोसळली असं म्हणायला आधार दिसत नाही. मी पाहिलं तोपर्यंत उत्तम चालली होती.’
शून्य.
युनजूला सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही प्रत्येक व्हिडिओच्या मध्येच झोपता ना?” मी म्हणालो, डोळे मिटून ऐकतो.
शेवटी म्हणाली, “काल आईने डाव्या हाताने चमचा धरला.” मी म्हणालो, बघ, मी म्हणत होतोच.
फोन ठेवल्यावर आठवलं, ती उजव्या हाताने जेवते.

६ नोव्हेंबर
पर्सिमन पिकून गळायला लागलं. दोन फळं सोलायला घेतली. बोट कापलं, रक्त ओट्यावर दिसलं तेव्हा कळलं. बाकीची झाडावरच राहू दिली. आल्यावर ती करेल.
घर गार आहे. जमिनीखालचं हीटर एकट्यासाठी कशाला लावायचं. कोट घालून तास करतो. टाय आत आहेच.

१९ नोव्हेंबर
ग्वाकबाई हिवाळ्याच्या किमचीचा, कोबीच्या लोणच्याचा, मोठा डबा घेऊन आल्या. वर्षाची कोबी भरायला युनजूची आई दरवर्षी पुढे असायची, म्हणाल्या, यंदा मिठाचा अंदाज चुकला. फ्रीज उघडला, आतलं बघून बंद केला. मग टॅबसमोर टायमध्ये मी बसलोय ते बघितलं.
नेमके सर बोलत होते, म्हणून मी खुणेने बसायला सांगितलं. त्या संपेपर्यंत बसल्या. मी वाकलो तेव्हा त्याही वाकल्या. त्यांचा चेहरा बघून मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही.
म्हणाल्या, “भाऊजी, ताई तुम्हाला शोधते हो. दार वाजलं की मान वळवते. आम्ही दिसलो की परत खिडकीकडे.”
मी म्हणालो, मानेचा व्यायाम चांगला असतो.
त्या म्हणाल्या, “भीती वाटत असेल तर मी येते बरोबर.”
भीती कसली. मी म्हणालो, हजेरी पूर्ण होत आली आहे, आता खंड नको. त्यांनी डबा आत ठेवला. जाताना थंडीसाठी हीटर लावून गेल्या. नंतर मी बंद केलं.

२ डिसेंबर
हजेरी पूर्ण. एकही तास चुकला नाही. स्क्रीनवर हिरवी खूण आली. कारखान्यातसुद्धा मला असं कधी मिळालं नाही.
सरांनी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. मी उभा राहून वाकलो. ते गेल्यावर स्क्रीन काळी झाली, त्यात कोट घातलेला एक म्हातारा दिसत होता.
उद्या दहा वाजता काय, ते अजून ठरवलेलं नाही.

५ डिसेंबर
विद्यापीठाचा मेसेज. अंतिम परीक्षा चौदा तारखेला, केंद्रावर स्वतः हजर राहून, ओळखपत्र दाखवून.
हे आधी सांगायला हवं होतं.
नवा बेत. तिला आता थोडंच शिकवायचंय. शेवटचा व्हिडिओ दाखवायचा म्हणजे उजळणी होईल. चमचा धरते म्हणजे पेनही धरेल. चौदापर्यंत पुष्कळ दिवस आहेत.
युनजूला बेत सांगितला. ती फक्त एवढंच म्हणाली, “कोट घालून तयार राहा.” कोट तर घातलेलाच होता.

७ डिसेंबर, शनिवार
गेलो.
खोलीत सहा खाटा. सगळ्या म्हाताऱ्यांचे केस एकसारखे बारीक कापलेले. मी पहिल्या खाटेपाशी उभा राहून “कशी आहेस” म्हणालो. ती दुसरीच कोणी होती. तिने छान मान डोलावली. युनजूने माझी बाही धरून खिडकीपाशी नेलं.
लहान झाली आहे. तिच्या केसांत भांग नव्हता.
बोलायचं म्हणून सगळं पाठ केलं होतं. गोगुर्यो, बेक्जे, सिल्ला. एकही आठवेना. म्हणून पटकन टॅब काढला. पाच-सहा वेळा दाबल्यावर सर सुरू झाले. मी खुर्चीत ताठ बसलो. म्हणालो, “युनजूची आई, नीट ऐक, चौदाला परीक्षा आहे.” युनजू गरम पाणी आणायला म्हणून बाहेर गेली.
युनजूच्या आईने व्हिडिओकडे बघितलं. मग माझ्याकडे. टायकडे. मग डावा हात हळूहळू पांघरुणातून काढला आणि स्क्रीनवर एक बोट टेकवलं.
सर थांबले. तोंड उघडंच राहिलं त्यांचं.
मी म्हणालो, “अगं, सर बोलताहेत.”
तिने बोट काढलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. वाट बघावी तसं.
इतकं शांत होईल असं वाटलं नव्हतं. मी पुष्कळ वेळ टॅबच्या कडेला हात ठेवून बसलो. शेवटी म्हणालो, “परसातली फळं यंदा पाखरांनी खाल्ली. मी सोलली नाहीत.” तिच्या घशातून आवाज आला. हसली की काय, कळलं नाही. पूर्वी कळायचं.
बारा वाजता नर्सने उठवलं. झोपलो नव्हतो.

३० डिसेंबर, सोमवार
निकाल लागला. हजेरी पूर्ण. चर्चा, दोन गुण. परीक्षा, गैरहजर. मेंग मालसून, नापास.
ग्वाकबाईंचा फोन. म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका भाऊजी, मीसुद्धा गेल्या वर्षी याच विषयात नापास झाले होते. गोर्यो कशी कोसळली तेच लिहायचं राहिलं.” मी विचारलं, कशी कोसळली? त्या म्हणाल्या, “एकदम नाही हो. थोडी थोडी. आतल्या लोकांना शेवटी कळलं.”
आजपासून रोज हॉस्पिटल. पक्कं ठरवलं. नऊ चाळीसची बस.
सकाळी सवयीने टाय बांधत बसलो. गाठ जमेना. बांधून झाला तेव्हा दहा वाजले होते. बस गेली. पुढची अकराला, पोचायला पाऊण तास. भेटीची वेळ बाराला संपते.
टॅबकडे बघितलं. घरीच ठेवला.
थांब्यावर येऊन बसलो आहे. इथेच लिहितो आहे.