आर्ट्स खाली, सायन्स वर

७ जुलै, अकोला

नंबर लागला! सायन्सला! अमरावतीचं जे कॉलेज पहिलं टाकलं होतं, तेच!

आजीनं विहारात जाऊन खीर वाटली. परत आली, माझ्या चाकाच्या खुर्चीसमोर पाटावर बसली. "प्रियदर्शनी, सायन्समंदी काय शिकोतात वं?" म्हटलं, आजी, चंद्रावर माणसाचं वजन सहावा हिस्सा होतं, ते का होतं हे शिकवतात. आजीनं बराच विचार केला. "मंग तं तुले तिथंच धाडाले पायजे. उचलाले सोपी!"

हसून हसून पोट दुखलं. पण तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. चंद्रावर मी. खुर्ची नाही, काही नाही. हातानं जमिनीला नुसतं ढकललं की वर. पाय खाली लोंबतात — लहानपणापासून लोंबतात तसेच — आणि कोणी बघत नाही, कारण तिथे सगळ्यांचेच लोंबतात.

९ जुलै, अमरावती

घरी आले. बाबा एस.टी. वर्कशॉपमधून लवकर सुटले, अंगणात बसून खुर्चीच्या चाकांना ग्रीस लावत होते. राजापेठेतल्या सगळ्या ट्यूशन क्लासच्या पोरी स्कूटीवरून भुर्रकन जातात, आणि बाबा म्हणतात, "आपली गाडी बी काही कमी नाई!"

कॉलेज कसं असेल? मी डोळे मिटून बघते. उंच खिडक्या. काचेची कपाटं. कुठेतरी नळाखाली काचेची भांडी धुतल्याचा आवाज. बाबांची बदली होण्याआधीच्या मुरतिजापूरच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवली होती.

११ जुलै

आर्ट्स खाली. सायन्स वर.

दोनच वाक्यं. ऑफिसातले क्लार्क बोलले, फार प्रेमानं बोलले. "बेटा, सायन्स दुसऱ्या मजल्यावर भरते. तू आर्ट्स घेऊन टाक ना. खालीच भरते, त्रास नाई." जसं काही भाजी बदलून देत होते.

बाबांनी विचारलं, लिफ्ट?

"प्रस्ताव गेलेला हाये."

कधी गेला, कुठे गेला, काही नाही. गेलेला आहे. मी मनात त्या प्रस्तावाला बघितलं — टोपी घालून, पिशवी घेऊन, वरूडच्या रस्त्यानं चालत चाललाय, मागे वळून बघत नाही.

१२ जुलै

आज वर गेले. दोन शिपाई आणि दोन मुलं, खुर्चीसकट. मला लिहायचं नाही. पण लिहिते.

एका बाजूला जास्त उचललं की मी दुसऱ्या बाजूला घसरत होते. ओढणी चाकात अडकली. कुर्ता वर सरकला आणि माझे दोन्ही हात खुर्चीला धरलेले — तो खाली ओढू कशानं? जिन्यात सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले आणि वाट दिली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

वर खिडक्या खरंच उंच आहेत. कडुनिंबाचे शेंडे दिसतात. शेंडा मी पहिल्यांदाच वरून बघितला! हिरवा समुद्रच. तासभर सगळं विसरले.

मग आठवलं, बायकांचं संडास-बाथरूम खाली आहे. सकाळपासून पाच वाजेपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. जीभ टाळूला चिकटली. शेजारच्या बाकावरची मुलगी, आचल नाव, वरूडची, बापाची संत्र्याची बाग आहे, हॉस्टेलला राहते — तिनं बाटली पुढे केली. "घे नं." नको म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग जिन्याकडे. आणि बाटली बंद करून दप्तरात टाकली. दिवसभर तीपण प्यायली नाही.

१४ जुलै

बाबा म्हणाले, लोकांच्या हाती देत नाही तुला, मीच नेतो. ड्यूटीच्या आधी. पाठीवर घेतलं. लहानपणी घ्यायचे तसंच. पण मी सोळाची आणि ते पन्नाशीला आलेले.

पहिल्या मजल्याच्या वळणावर त्यांचा पाय मुडपला. पडलो नाही. बसलो. दोघंही, पायरीवर. बाबांचा हात कमरेला. "थोडा दम खाऊ दे वं माय." त्यांच्या कानामागचे केस पांढरे झालेत, मला माहीतच नव्हतं. आमच्या दोन्ही बाजूंनी पोरं वर जात होती, नदीत दगड असतो तसे आम्ही.

मी म्हटलं, बाबा, खाली चला.

"अवं, होते आता —"

म्हटलं, खाली चला. मी काही पोतं नाही.

बाबांना लागलं. दिसलं मला. पण मागे नाही घेतलं.

१५ जुलै

गेले नाही.

१६ जुलै

गेले नाही. आई दोन वेळा जेवणाचं ताट ठेवून गेली. शेवटी म्हणाली, "बी.ए. करूनबी लोकं कलेक्टर होतात." होतात. मला माहीत आहे. मला कलेक्टर व्हायचं नाही, वजन का कमी होतं ते शिकायचंय!

दुपारी डोळा लागला. स्वप्नात जिना होता, पण पाण्यातला. मी पोहत वर जात होते. पायऱ्यांवर मासे बसले होते आणि हजेरी घेत होते.

१८ जुलै

ठरवलं. वर जाणार नाही. सायन्सपण सोडणार नाही.

"मंग बसशीन कुठं?" बाबा.

खाली. जिन्यापाशी.

 कंबरेला पट्टा बांधला होता, तरी बाबा खुर्ची ढकलत आले. जिन्याशेजारच्या खिडकीत उजेड येतो तिथे मला लावून दिलं, ब्रेक दोनदा तपासले आणि गेले. मी फिजिक्सचं पुस्तक उघडून बसले. वरून बाक सरकल्याचा आवाज आला. माझा वर्ग भरला. मीपण भरले.

२२ जुलै

रोज बसते. रोज कोणी ना कोणी येऊन विचारतं, बेटा काही पाहिजे का? इतकं गोड बोलतात की दात किडतील. फिजिक्सचे गावंडे सर, ज्यांच्या ओरडण्यानं म्हणे पारव्यांनी गॅलरीत अंडी घालणं सोडलं, तेसुद्धा जिना उतरताना थांबतात आणि बारीक आवाजात, "ठीक हाये ना, बाळा?" आणि पळतात. मला शिकवायचं सोडून!

सुट्टीत आचल खाली येते, काय झालं ते सांगते. तिला अर्धं कळलेलं असतं, त्यातलं अर्धं मला कळतं.

जिन्याशेजारीच अकरावी आर्ट्स. सीमा मॅडमचं राज्यशास्त्र. त्यांचा आवाज दारातून येत राहतो, मोठा नाही, पण स्वच्छ. आज मानवी हक्क चालले होते. माणूस म्हणून जन्माला आला की हक्क आलेच — ते कोणी देत नाही, फक्त अडवू शकतं. मी पुस्तकात बोट ठेवून ऐकत बसले. खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर आला, हळूहळू सरकत पहिल्या पायरीवर चढला, मग दुसऱ्या. किती सहज!

२४ जुलै

आज मॅडम दारात आल्या. "बाहेरून काय ऐकतेस? आत ये."

दारापुढच्या दोन पायऱ्यांवरून त्यांनीच खुर्ची मागे कलवून आत घेतली. समानतेवर बोलत होत्या. शिक्षणात कोणाला मागे ठेवायचं नाही, कायदा काय म्हणतो, अपंगांसाठीचा दोन हजार सोळाचा कायदा काय म्हणतो. मागून कोणीतरी विचारलं, मॅडम, परीक्षेला येते का हे?

माझा हात वर गेला. कसा गेला माहीत नाही. म्हटलं, मॅडम, हा कायदा कोणत्या मजल्यावर लागू होतो?

पोरं हसली. मॅडम नाही हसल्या. खडू हातात तसाच. मग म्हणाल्या, "मी बारा वर्षं हा धडा शिकवते. तळमजल्यावर." आणि खुर्चीत बसून गेल्या. 

मी जास्त बोलले का?

२८ जुलै

प्राचार्यांच्या खोलीत. मी, बाबा, सीमा मॅडम. सगळं लिहून ठेवते, विसरायच्या आत.

प्राचार्य वाईट माणूस नाही. चहा मागवला. म्हणाले, शाखा बदलायची मुदत गुरुवारपर्यंत आहे. नंतर त्यांच्या हातात काही नाही. "आमच्या सहानुभूतीत कमी नाई, बेटा. पण हट्ट बरा नसतो."

मी म्हटलं, सर, लिफ्ट नका देऊ. आमचा वर्ग खाली आणा.

"एका मुलीसाठी शंभर पोरं हालवू?"

 सगळी रात्र तयारी केली होती, तो कागद काढायला मी दप्तर उघडलं. तेव्हा बाबा उभे राहिले. बाबा ऑफिसात एखाद्या शब्दापलीकडे बोलत नाहीत. टोपी हातात धरून ऐकतात.

"सर, ते शंभर पोरं चालू शकतात ना? मंग त्यायले खाली याले काय होते?"

प्राचार्यांनी कप खाली ठेवला.

"मी तिले आयुष्यभर उचललं. मले वाटे मी तिच्यासाठी करून राहिलो. पण उचलल्यावर मानूस जाते तिथं, जिथं उचलनारा नेईन. तिले तिचं जाऊ द्या."

मी बाबांकडे बघतच राहिले. कुठे ठेवलं होतं हे इतके दिवस?

प्राचार्य म्हणाले, पण खाली खोलीच रिकामी नाही. तेव्हा सीमा मॅडम म्हणाल्या, "माझी आहे. मी वर जाते. आर्ट्सची पोरं धडधाकट आहेत, जिना चढतील. आणि उद्या माझ्याकडे असं कोणी आलं तर मी परत खाली मागेन, सर. आत्ताच सांगून ठेवते."

चहा थंड झाला. प्राचार्यांनी चष्मा पुसला. "बघतो."

बघतो म्हणजे काय? बघणार की नाही बघणार?

२९ जुलै

काही नाही.

३० जुलै

काही नाही. उद्या मुदत. आई देवळाला नाही, विहारालाही नाही, थेट राष्ट्रसंतांच्या आश्रमात, गुरुकुंजाला हात जोडून आली, मोझरीपर्यंत, एस.टी.नं! "जिथं जमते तिथं सांगून ठेवाव."

संध्याकाळी अंगणात बाजेवर पडले. आभाळ फाटून मध्येच एक तारा. वाटलं, समजा नाहीच झालं. समजा आर्ट्स. मी रोज खाली बसेन, आणि वर माझ्याशिवाय तास होत राहतील. वर कोणीतरी फळ्यावर चंद्र काढेल. माझ्या डोक्यावर, अगदी बरोबर डोक्यावर — आणि मला फक्त बाक सरकल्याचा आवाज येईल.

३१ जुलै

सकाळी जिन्यापाशी गेले तर आर्ट्सची पोरं बाक घेऊन वर चाललेली! धडाधड! कुरकुर करत! एक जण मला बघून म्हणाला, "तुह्यामुळं पाय दुखून राहिले नं आमचे!" आचलनं वरून ओरडून उत्तर दिलं, ते लिहिण्यासारखं नाही.

दारापुढच्या दोन पायऱ्यांना बाबांनी दुपारी येऊन सिमेंटचा उतार करून दिला. कोणाला विचारलं नाही. ओलाच आहे अजून. त्यावर कुत्र्याचं एक पाऊल उमटलंय.

प्रयोगशाळा मात्र वरच. ती येणार नाही म्हणे. पाण्याच्या लाइनी आहेत. बघू. एक मजला उतरवला, एक बाकी.

४ ऑगस्ट

पहिला तास. स्वतः गेले. उतारावरून, आतमध्ये, दुसऱ्या ओळीत. कोणी हात लावला नाही.

आणि फिजिक्स? खरं सांगू? काही म्हणजे काही कळलं नाही! सदिश, अदिश, बाण, बाणांची बेरीज. चंद्र कुठेच नाही. खिडकीतून कडुनिंबाचं नुसतं खोड दिसतं. मी वर्गात बसून वर्गाचंच स्वप्न बघत होते.

१९ ऑगस्ट

सगळे फार चांगले वागतात. हेच. गृहपाठ केला नव्हता, गावंडे सर म्हणाले, असू दे बाळा. आचलला त्याच गृहपाठासाठी बाहेर उभं केलं. उत्तर चुकलं, म्हणाले, छान प्रयत्न. मागे बसलेल्यांना म्हणतात, गाढवांनो.

मी वर्गात आहे. पण अजून कोणीतरी मला उचलूनच धरलंय असं वाटतं. काल तास संपल्यावर सरांना गाठलं आणि म्हटलं, सर, मला बाळ म्हणू नका. ते गोंधळले. मान हलवून निघून गेले.

३० ऑगस्ट

फिजिक्सच्या चाचणीत नापास! पंचवीसपैकी सहा.

गावंडे सर पेपर वाटत माझ्यापाशी आले. थांबले. मग पेपर माझ्या पुढ्यात आपटला. "सहा! प्रियदर्शनी, काय झोपा काढाले येते का अठी? एवढा वर्ग खाली आणला तं अभ्यास कोन करन? सोमवारी बापाले घेऊन ये!" खिडकीतले पारवे उडाले. आचलवरही तसेच ओरडले. मागच्या सगळ्या ओळीवर. सारखेच!

घरी आले ते डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. आईला काही सांगता येईना. बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि आईला म्हणाले, सोमवारसाठी चांगला शर्ट इस्त्री करून ठेव.