टाकी भरली, अण्णा

३ फेब्रुवारी

झालं! आमच्या घरामागच्या पाण्याच्या टाकीला सेन्सर बसणार. पाणी किती चढलं ते ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसणार, पंप आपोआप बंद होणार. गल्ली खूश. मी सोडून.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावाबाहेरच्या पंपावर ऑपरेटर. मी त्यांना न सांगता नागनाथशी कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. मग एक दिवस आईकडून निरोप — 'टाकीचं पाणी दाखवणारा पंपावरचा मीटर बिघडलाय. टाकीवरचा काटा वर टेकला की तिला फोन करायला सांग.' एवढंच आमचं बोलणं. मी म्हणायचं, 'टाकी भरली, अण्णा.' ते म्हणणार, 'हां.' की फोन बंद!

आता तेही जाणार.

५ फेब्रुवारी

सेन्सर बसवायला सुकेशनी आली. इंजिनिअर हाय, पूर्णेची. सरसर टाकीवर चढली, मी खालून बघूनच घामाघूम! चहाला बोलावलं, अण्णांना रोज करायच्या फोनचं सांगितलं. एवढी गोड पोरगी, चिडावं तरी कसं? तरी बोलून गेलेच — 'लय घाई हाय गं तुमाला!' हसली. 'ताई, पाणी वाया जायचं थांबंल की.' बरोबर हाय तिचं. त्याचाच तर राग येतो.

६ फेब्रुवारी

आज धीर करून विचारलं, 'अण्णा, जेवलात का?'

मागं पंपाची घरघर. मग 'हां' — आणि ठेवला.

पण हां म्हणाले!

९ फेब्रुवारी

ताप. सकाळपासून पडूनच, टाकीकडं बघितलंसुद्धा नाही. दुपारी फोन वाजला — अण्णा! त्यांनी स्वतः लावलेला! 'आज फोन न्हाई आला तुजा. बरी हाईस न?'

मी म्हटलं, 'ताप हाय थोडा.'

'गोळी घे.' ठेवला.

गोळी घेतली आणि रडत बसले. नागनाथ मऊ भात घेऊन आला तर त्याच्यावरच खेकसले. बिचारा!

१२ फेब्रुवारी

उद्यापासून सगळं सेन्सरवर. आज शेवटचा फोन. माफ करा म्हणायचं, घरी या म्हणायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं काय — 'टाकी भरली, अण्णा.' आज त्यांनी लगेच ठेवला नाही. दोघंही नुसते कानाला धरून. शेवटी मीच ठेवला. कसली मूर्ख हाय मी!

१३ फेब्रुवारी

काटा वर टेकला. पंप आपोआप बंद झाला. मी भांडी घासत बसले.

१४ फेब्रुवारी

सुकेशनी जाता जाता भेटायला आली. पंपावरचा जुना मीटर तिनंच काढला. म्हणाली, 'ताई, तो तर मस्त चालू होता की! टाकीत किती पाणी हाय ते तुमच्या अण्णांना तिथं बसून दिसायचं. मग रोज तुमच्या फोनची वाट कशाला बघायचे?'

नागनाथला म्हटलं, गाडी काढ. पंपावर जायचंय.