सुधीरच्या पुंगळ्या

रविवार, संध्याकाळ

सुधीरच्या बायकोने, नीता वहिनींनी, आज त्याचे डबे आणून दिले. सुधीरला जाऊन महिना होतोय. म्हणाल्या, "भाऊजी, रायफल विकून टाकली, मला ती घरात नकोच होती. ह्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या मात्र तुम्हीच ठेवा. तुम्हा दोघांचं वेड, तुम्हीच निस्तरा."

सगळ्या त्याच्याच रायफलमधून उडालेल्या. बार उडाला की पितळ फुगतं आणि काडतूस बसतं त्या चेंबरचा आकार घेतं. माझ्या रायफलमध्ये एक घालून पाहिली, चेंबर मागून बंद करणारा बोल्ट लागेना. लागणार कसा? पुन्हा भरण्याआधी सुधीर पुंगळीची नुसती मान आवळायचा, बाकी अंगाला हात लावायचा नाही. शंभरदा सांगितलं, "पूर्ण रिसाइझ कर, सगळं अंग दाबून मापात आण, नाहीतर नेमबाजीच्या एखाद्या मॅचमध्ये अडकशील." तर म्हणायचा, "गुरुजी, माझ्या रायफलचे कपडे तिच्याच मापाचे असू देत." गुरुजी कसला! मलाही कुणी शिकवलं नाही, हात पोळूनच शिकलो. पण बरोबर मीच होतो.

एक पुंगळी लूबचं वंगण लावून मापात दाबणाऱ्या प्रेसमध्ये ठेवली. हँडल ओढलं की ती माझ्या रायफलची होणार. त्याच्या रायफलचं माप आता ह्या पितळाशिवाय आहे कुठे? बराच वेळ हँडल धरून उभा होतो.

ओढलं शेवटी. पुंगळीचा खांदा दोन सहस्रांश इंच मागे, अगदी हवा तेवढाच. बोल्ट अलगद बंद झाला. असं जमलं की सुधीरला फोन लावून चिडवायचो. आता कुणाला चिडवू?

बाकीच्या डब्यांना झाकणं लावली. राहू देत चुकीच्या मापाच्या.