शुद्ध पाणी

मिठबाव,
फाल्गुन वद्य तृतीया, शके १८८२
(तुमच्या कॉलेजात ५ मार्च १९६१)

चि. सत्यवतीस अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तुझ्या आईचा गुडघा नेहमीसारखाच बोलतो आणि ती त्याहून जास्त. कलमांना मोहोर बरा आहे. तू आईला लिहिलेलं पत्र मी वाचलं. नोकरीचा होकार कॉलेजला मार्चअखेर कळवायचा आहे आणि 'दादा काय म्हणतात ते कळव' असं तू आईला विचारलं आहेस, मला नव्हे. ठीक आहे. दादा काय म्हणतात ते पुढे येईल. आधी बॅटरीविषयी.

वाचनालयातला रेडिओ तुला ठाऊक आहे. त्याची बॅटरी बैलगाडीतून आचऱ्याला सिराजभाईच्या भातगिरणीत जाते, इंजिनावर चार्ज होऊन येते, मग पंधरा दिवस गाव बातम्या ऐकतं. पौषात सिराजभाईने मला बजावलं, "गुरुजी, ह्येच्यात पाणी कमी झाला तर शुद्ध पाणी घाला. बावडेचा घालू नकात हां."

आता मला सांग, ज्याने बारा वर्षं सांगलीच्या पाठशाळेत घासली, त्याला शुद्ध शब्दाचा अर्थ कोणी शिकवायचा? मी स्नान केलं, सोवळं नेसलो, देवघरातली काशीची लोटी काढली, लाख फोडली आणि बॅटरीच्या तिन्ही तोंडांत गंगाजल घातलं. मंत्रासह.

तुझ्या आईने पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. "अहो, ती लोटी आपल्या दोघांच्या शेवटच्या घोटासाठी ठेवलेली! आता त्या डब्यालाच मोक्ष द्या."

डब्याला खरोखरच मोक्ष मिळाला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी बातम्या देणारा माणूस वाक्याच्या मध्येच अंतर्धान पावला. पुन्हा आचरे, पुन्हा चार्ज, पुन्हा दोन दिवसांत समाधी. असं तीनदा झालं. गावाने सिराजभाईला नावं ठेवली. बाबली गाडीवान म्हणाला, "तो चार्ज करताच नाय, नुसतो ठेवून घेता." आणि मी, लिहायला हात आखडतो पण लिहितो, मी वाचनालयाचा अध्यक्ष या नात्याने सिराजभाईला खरमरीत पत्र पाठवलं. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं.

बिचारा स्वतः आला. काचेची नळी घालून पाहिलं, डोकं खाजवलं, विचारलं, "गुरुजी, पाणी शुद्धच घातलास मां?" मी म्हटलं, "तुझ्या कल्पनेपलीकडचं शुद्ध." तो गेला. माझं उत्तर खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट होतं.

मग तुझ्या आईने मला न विचारता तुला सगळं कळवलं आणि तुझं उत्तर आलं. नोकरीच्या चार ओळी, बॅटरीच्या चाळीस. जुनं ॲसिड काढून टाका. आतून धुऊन घ्या. नवं ॲसिड घालून सावकाश चार्ज करा, घाई नको. पाणी वाफ करून, ती निववून, काचेत धरलेलंच घाला. तांब्याच्या लोटीत मुरलेलं तर मुळीच नको, तांबं बॅटरीला आतून खातं. आणि शेवटी ते वाक्य: 'दादांना सांग, शुद्ध म्हणजे ज्यात पाण्यावाचून दुसरं काही नाही ते. पुण्यसुद्धा नाही.'

हे मी चारदा वाचलं. व्याख्येत अतिव्याप्ती सापडेना, अव्याप्तीही सापडेना. दोन वर्षांपूर्वी 'पदार्थविज्ञान ही मुलींची विद्या नव्हे' असं एक वाक्य मी केलं होतं, त्यात मात्र दोन्ही सापडल्या.

दुसऱ्या दिवशी बाबलीच्या गाडीत बॅटरीशेजारी मीही बसलो. गिरणीत भात घेऊन आलेली दहा-बारा माणसं होती. त्यांच्यादेखत सिराजभाईला सांगितलं की चूक माझी, गंगाजल मी घातलं, पत्राबद्दल क्षमा कर. तो आधी हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मग इतका हसला की इंजिन बंद करावं लागलं. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तो एकेका ओळीला मान डोलवत होता, आमच्या पाठशाळेत भाष्याला डोलवीत तशी.

"ह्या कोणी लिवल्यान?"

"माझ्या मुलीने." दोन वर्षांत हे शब्द मी मोठ्याने उच्चारले नव्हते.

"गुरुजी, तुमचा चेडू मेस्त्रीण आसा!"

मला काशीच्या पंडितांनी शाल दिली होती. ती त्या दिवशी घोंगडीसारखी वाटली.

त्याने सगळं तुझ्या शब्दाप्रमाणे केलं. आज अठरावा दिवस, रेडिओ खणखणीत बोलतो आहे. ज्यांच्याकडून हरावंसं वाटावं त्यांत पूर्वसूरींनी पुत्र सांगितला, शिष्य सांगितला. मुलीचं नाव राहून गेलं. चूक त्यांची, मी दुरुस्त करून घेतली आहे.

आता राहिलेलं. तू कोल्हापूरला निघालीस तेव्हा मी एसटीपर्यंत आलो नाही. दादा पूजेत आहेत, असं आईने सांगितलं. होतो. त्याच लोटीसमोर. गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत पूजा संपवायचं धैर्य झालं नाही.

नोकरी घे. आजच होकार लिही. देवगडला गेलेली तुझी पत्रिका मी परत मागवली. मुलगी प्रयोगशाळेत शिकवणार आहे, हे कळवूनच. पगार किती ते विचारत नाही. बॅटऱ्या किती ते कळव.

लोटीत घोटभर उरलं आहे. आई पुन्हा लाख लावते आहे. म्हणते, एकाला पुरेल, भांडू नका.

आणखी एक. घरच्या पत्रात मालवणी शब्द आला की मी लाल शाईने खोडत असे, आठवतं? आचऱ्यापासून इथवर मला आता शास्त्रीबुवा कोणी म्हणत नाही. जे म्हणतात तेच खाली सही करतो. खोडू नकोस.

तुझा,
मेस्त्रिणीचो बापूस