गेज खोटं बोलतं

४ जानेवारी
लेकीचं लग्न फेब्रुवारीत. ती लग्नाला जाणार तिच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या, जुन्या गाडीतून. लहानपणापासूनची इच्छा. मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. दुपारी ताडपत्री काढून गाडी सुरू केली. इंजिन गार असताना ऑइल प्रेशरचा काटा ताठ, गरम झालं की मान टाकतो. किरकोळ. बायको म्हणाली, मेकॅनिकला दाखवा. मी आयुष्यभर पंप विकले. प्रेशर मला कोणी शिकवू नये.

७ जानेवारी
निदान झालं. काट्याचं गेज खोटं बोलतंय. नवीन बसवलं.
तेही खोटं बोलतंय. हल्ली कुठल्याच मालाचा भरवसा नाही.

८ जानेवारी
मेहुणा आला होता. म्हणाला, भावोजी, दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच जबानी देत असतील तर ती खरी असते. हा माणूस पडद्यांचं दुकान चालवतो. दुर्लक्ष केलं.

१२ जानेवारी
बायकोच्या समाधानासाठी मेकॅनिक बोलावला. त्याने स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला लावलं आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. म्हणे बेअरिंग झिजलीत, फटींतून ऑइल निसटतं, म्हणून प्रेशर टिकत नाही. इंजिन उतरवायचं, आणि लग्नापर्यंत काही व्हायचं नाही. या लोकांकडे शिंक आली तरी ऑपरेशन. चहा पाजून वाटेला लावला.

१५ जानेवारी, सकाळी
मिळेल ते सगळ्यात दाट ऑइल आणून भरलं. काटा वर. बायकोला बोलावून दाखवला. छान आहे म्हणाली.

दुपारी
शेडची फरशी काळी. सांध्यांतल्या प्रत्येक जुन्या गॅस्केटमधून ऑइल बाहेर आलंय. बायकोचा चेहरा बघण्यासारखा होता, म्हणून बघितला नाही. पण प्रेशर आहे म्हणूनच बाहेर आलं ना? हे कोणी लक्षात घेत नाही.

१६ जानेवारी
फरशी धुतली. अजून काळी आहे.

२३ जानेवारी
इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर स्वतः उतरवलं. कंबर धरली. बेअरिंग अगदी डोळ्यांसमोर होती. पाहणार होतो, पण एका वेळी एकच काम हा माझा नियम. गॅस्केट नवीन घातलं, वरून सीलिंग पेस्ट. ट्यूबवर लिहिलंय, पातळ थर द्यावा. पातळ थर आत्मविश्वास नसलेल्यांसाठी. मी अख्खी ट्यूब संपवली. लेक शेडच्या दारात उभी होती. म्हणाली, बाबा, नाही जमलं तर राहू द्या. मी म्हटलं, जमलंय.

२ फेब्रुवारी
गळती पूर्ण बंद. गाडी उभी असली की काटा अजून पडतो, ॲक्सिलरेटर दाबला की उठतो. म्हणजे दोष इंजिनात नाही, थांबण्यात आहे. उपाय सोपा. थांबायचं नाही.

११ फेब्रुवारी
बायकोला घेऊन चक्कर मारली. सिग्नलला ॲक्सिलरेटर दाबून धरला. शेजारचा स्कूटरवाला घाबरून पुढे गेला. बायको म्हणाली, खालून टकटक येतेय. मी म्हटलं, वय झालं की हाडं वाजतातच. ती म्हणाली, माझ्या बाबांच्या हाती ही गाडी कधी वाजली नव्हती. पुढे घरापर्यंत गप्प. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
लग्न लागलं. सगळं व्यवस्थित पार पडलं. एक छोटी गोष्ट.
फुलं लावलेली गाडी फाटकातून बाहेर काढली. लेक मागे, बायको तिच्या शेजारी. चढावर काटा शून्यावर गेला. मी म्हटलं, गेज. मग टकटक, मग खडखड, मग काहीच नाही. इंजिन जाम. मी बराच वेळ किल्ली फिरवत बसलो. मागे वळून बघायची हिंमत होईना.
मेहुण्याने आपली गाडी पुढे आणून दोर बांधला. मी लेकीला म्हटलं, तू मामाच्या गाडीत बस. ती उतरली, आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, बाबा, दोर सैल पडू देऊ नका, हळूहळू ब्रेक लावा. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे वाटभर बोलता आलं. ती आजोबांबद्दल बोलत होती. मी बहुतेक ब्रेककडेच बघत होतो. लोक हात हलवत होते. दोर त्यांना दिसला नसेल.

२३ फेब्रुवारी
मेकॅनिकने चेंबर उघडलं. ऑइल पंपाची जाळी पूर्ण बंद. जास्तीची पेस्ट आतल्या बाजूने सुटून, रबरासारखी होऊन तिच्यावर जाऊन बसली होती. ऑइल वर चढलंच नाही. पेस्ट उत्तम दर्जाची निघाली, एवढं त्यानेही मान्य केलं.
दुपारी दोर परत द्यायला मेहुण्याकडे गेलो. म्हटलं, बरं झालं तुझ्या गाडीत दोर होता. तो म्हणाला, नव्हता, विकत आणला. कधी, विचारलं. तो पडद्यांच्या घड्या घालायला लागला. मग म्हणाला, तुम्ही चेंबर उतरवलंत ना, त्याच आठवड्यात. भाची स्वतः आली होती दोराच्या दुकानात, ओढून बघून पसंत केला. मी विचारलं, मग तिने मला गाडी सोडून द्या असं स्पष्ट का नाही सांगितलं? तो म्हणाला, भावोजी, आजोबांच्या गाडीतून जायचं, एवढंच म्हणायची ती. चालत्या गाडीतून असं कधी म्हणाली होती?
दोर पुढे केला. तो म्हणाला, राहू द्या तुमच्याकडेच.